कोल्हापुरात नव्यानं राहायला आलोय. चैत्रातल्या सण-यात्रांत मुलांना किती मिसळू द्यावं?

तुमचा प्रश्न मला असा कळला: बदली होऊन पुण्याहून आलात, मुलगी दुसरीत, मुलगा चार वर्षांचा, नवरा-बायको दोघंही नोकरीला. होळी झाल्यापासून शेजारचे रोज कशाला ना कशाला मुलांना बोलावतात, त्यात वार्षिक परीक्षा तोंडावर. सुट्टीत समर कॅम्पला घालावं की गल्लीत खेळू द्यावं, हेही ठरत नाही.

ताई, मिसळू द्या. मात्र नुसतं बघायला पाठवू नका, हाताला काहीतरी काम देऊन पाठवा. मी शिवाजी पेठेत वाढले, आता माझी दोन मुलं फुलेवाडीकडं वाढतायत, आणि या एका गोष्टीबद्दल माझी पक्की खात्री आहे. नवख्या मुलाला खाऊ सगळेच देतात. पण काम सांगितलं की माणसं त्याला नावानं ओळखायला लागतात, वाट बघतात, आलं नाही तर दारात येऊन विचारतात.

आणि कामाला हे दिवस सोन्यासारखे. फाल्गुन संपत आला की गच्च्यांवर वाळवण सुरू होतं. वर्षाच्या चटणीसाठी ब्याडगी, संकेश्वरी मिरची उन्हात पडते, मग मसाला भाजून, कांदा-लसूण घालून ती डंकावर कुटून आणायची. तिच्याच आगेमागे कुरडया, शेवया, बटाट्याचा कीस, साबुदाण्याच्या पापड्या. एकट्या बाईला हे झेपत नाही, म्हणून चार घरच्या बाया पाळीनं एकमेकींकडं जातात. तुमच्या इमारतीतही कुणीतरी करतच असेल. त्यांना सांगा, की आमची मुलगी लसूण सोलायला येईल. सात वर्षांच्या पोरीला लसूण सोलता येतो, कोथिंबीर निवडता येते, पापड्या पालथ्या घालता येतात. धाकट्याच्या हातात काठी द्या, कावळे हाकायला बसवा. त्याला ते काम फार मोठं वाटेल, आणि खरंच मोठं आहे, कारण राखण नसली तर निम्मी कुरडई जाते. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजवून त्याचा चीक काढतात. तो शिजवला की पहिली वाटी पोरांची, वर साखर आणि तूप. मिरचीला मात्र मुलांचा हात लागू देऊ नका. देठं खुडायचं काम मोठ्यांचंच. तो हात डोळ्याला गेला की लेकराचे हाल बघवत नाहीत.

दुसरं काम चैत्रगौरीचं. पाडव्यानंतर तृतीयेला गौर बसते, ती अक्षय तृतीयेपर्यंत, आणि त्या महिन्यात घरोघरी हळदीकुंकू असतं. कैरी घालून वाटलेली हरभऱ्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे. त्याचं आवतण सांगायला मुलीला पाठवा. ‘काकू, आईनं संध्याकाळी हळदीकुंकवाला बोलावलंय, नक्की या’ एवढंच वाक्य, पण दहा दारांत जाऊन म्हणताना लाजरी मुलं मोकळी होतात. कुणाला आजी म्हणायचं, कुणाला वहिनी, कुणाच्या घरी कोण आजारी आहे, हे तिला तुमच्या आधी कळेल. पुण्यात सगळं फोनवर कळवत असाल, इथं मुलीला दारात पाठवून बघा.

परीक्षेचं मात्र कडक असू द्या. पहिली ते नववीच्या परीक्षा आता एप्रिलमध्ये बऱ्याच पुढं जातात. 2025 साली त्या 8 ते 25 एप्रिल अशा ठेवल्या होत्या, आणि जोतिबाची मुख्य यात्रा नेमकी 12 एप्रिलला होती. असं झालं की घरात ओढाताण होते, आजी-आजोबा म्हणतात एक दिवस शाळा बुडाली तर काय बिघडतं. माझ्या घरी याचं उत्तर ठरलेलं आहे. शाहू महाराजांनी 1917 साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्यांच्या गावात देवाचं नाव सांगून शाळा बुडवायची नाही. दुसरीच्या मुलीला रोज तासभर अभ्यास पुरतो. तो सकाळी उरकून घ्या, म्हणजे संध्याकाळ मोकळी राहते.

आता जोतिबा. शेजारी हमखास म्हणतील, चला डोंगरावर. चैत्र पौर्णिमेच्या मुख्य दिवशी चार वर्षांच्या मुलाला नेऊ नका, हे मी भक्तीनं डोंगर चढणारी बाई म्हणून सांगते. सासनकाठ्या, म्हणजे देवाच्या उंच मानाच्या काठ्या, नाचत असतात, गुलाल-खोबऱ्याची उधळण, डोक्यावर ऊन, लाखोंची गर्दी. लहान मुलाला त्यातलं काही दिसत नाही, फक्त पाय दिसतात, आणि गुलालानं दम लागतो. त्याऐवजी खेट्यांचा एखादा रविवार धरा. माघ पौर्णिमेनंतर पाच रविवार लोक पहाटे कोल्हापुरातून डोंगरावर चालत जातात. डोंगर सोडून निघालेल्या जोतिबाला परत आणायला अंबाबाई अनवाणी चालत गेली, अशी यामागची श्रद्धा. वडणगे, निगवे, कुशिरे अशी वाट आहे. सगळी वाट चालायचा हट्ट नको. गाडी पायथ्याशी लावा, शेवटचा चढ मुलांना घेऊन चढा. वाटेत अनोळखी माणसं ‘चांगभलं’ म्हणत बरोबर चालतात, दमलेल्या पोराला कुणीतरी खांद्यावर घेतं, कुणी ताक देतं. यंदाचे खेटे झाले असतील तर पुढच्या वर्षी.

आणि यंदासाठी अंबाबाईचा रथोत्सव आहेच. जोतिबाच्या यात्रेच्या दुसऱ्या दिवशी रात्री देवीचा रथ शहरातून फिरतो. रथ जिथून जातो तिथले लोक दुपार टळली की रस्ते धुऊन रांगोळ्या काढायला बसतात. लहान मुलांच्या घरांना मी यात्रेपेक्षा हा सोहळा आवर्जून सांगते. ऊन नाही, घर जवळ, आणि मूल पेंगुळलं तर उचलून परत येता येतं. त्या भागात कुणी ओळखीचं असेल तर मुलीला लवकर नेऊन सोडा, रंग भरायला हात कमीच पडतात. आपण भरलेल्या रांगोळीवरून देवीचा रथ जाताना बघणं ही लहान गोष्ट नाही.

रंगपंचमीचं पुढच्या वर्षासाठी आधीच सांगून ठेवते, कारण बाहेरून आलेल्यांचा गोंधळ होतो. धुळवडीला रंग आणून ठेवाल आणि गल्लीत शुकशुकाट असेल. इथं रंग पंचमीलाच. मुलांच्या अंगाला, केसांना खोबरेल तेल चोळा, अंगभर जुने कपडे घाला, आणि दुपारी जेवायच्या वेळेला घरी आणा. त्यानंतर रस्त्यावर थोरांचा धुडगूस असतो.

सण एकाच घरचेही नसतात. 2025 मध्ये 30 मार्चला पाडवा होता आणि 31 ला रमजान ईद. आदल्या दिवशी आमच्या घरची पुरणपोळी शेजारी गेली, दुसऱ्या दिवशी तिकडून शीरखुर्म्याचं पातेलं आलं, आणि दोन्ही वेळा ताट नेण्या-आणण्याचं काम माझ्या मुलांचं होतं. तुमच्या शेजारी असं घर असेल तर मुलांना जरूर पाठवा. यावर वेगळं शिकवायला बसावं लागत नाही.

सगळ्यात अवघड भाग आता. शेजारच्या आजी तुमच्या मुलीला रागावतील. उन्हात अनवाणी फिरली म्हणून, ताटात टाकलं म्हणून, तुम्हाला न विचारता रागावतील. ते पचवायची तयारी ठेवा, तोंड वाकडं करू नका. रागावणारी म्हातारी रस्त्यावर गाडी आली तर आधी तुमचं पोर ओढून घेते. मर्यादा मात्र घालून द्या. हात उचललेला चालणार नाही. रंगावरून, अंगावरून चिडवलेलं चालणार नाही. हे मी माझ्या शेजाऱ्यांना समोर बसून, प्रेमानं सांगितलंय आणि कुणी रागावलं नाही. मुलांनाही सांगा, की कुणाच्या घरात जायचं असेल तर आधी आपल्या घरी सांगून जायचं, दार उघडं ठेवायचं, आणि कुणी ‘आईला सांगू नको’ म्हणालं तर तेच पहिलं येऊन सांगायचं. हे रोज सांगा, कंटाळा करू नका.

पाण्याच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. उन्हाळा लागला की पोरं पंचगंगेला, रंकाळ्याला, शेतातल्या विहिरीला पळतात. पूर्वी पाठीला डबा बांधून मोठी माणसं पोहायला शिकवायची, अजूनही काही जण शिकवतात. ते माणूस स्वतः पाण्यात उतरलेलं असेल तरच पाठवा. थोरली पोरं नेतायत म्हणून कधीच नाही.

दोघंही नोकरीला आहात म्हणून आणखी एक सांगते. गल्ली म्हणजे फुकटचं पाळणाघर नव्हे. धाकट्याला दिवसभर सांभाळायला ठरलेलं माणूस किंवा पाळणाघर हवंच. आणि शेजारणी आठवडाभर तुमच्या मुलीकडं बघत असतील तर रविवारी त्यांची पोरं तुमच्याकडं येऊ द्यात. पाच-सहा पोरांना पोहे खायला घाला, रंकाळ्यावर फिरवून आणा, त्यांच्या आयांना चार तास निवांत मिळू देत. हे केलं नाहीत तर कुणी काही बोलणार नाही, पण हळूहळू बोलावणं थांबेल.

समर कॅम्पचं म्हणाल तर दिवसभराचा नको. सकाळी तासभर पोहण्याचा वर्ग लावा, कारण पोहणं गल्लीच्या भरवशावर शिकवायची गोष्ट नाही. बाकी वेळ तिला वाळवणाला आणि खेळायला राहू दे. मे महिन्यात गल्लीतली निम्मी पोरं आजोळी जातात, तेव्हा तिला करमणार नाही. त्या दिवसांत तिची आजी पुण्याहून येऊ शकते का, ते आत्ताच विचारून ठेवा.