शोरूम म्हणतं 22, मला मिळतंय 14

प्रश्न : नमस्कार सर, माझी पेट्रोल हॅचबॅक आहे, चार वर्षं झाली. घेताना शोरूमवाल्याने 22 चं ॲव्हरेज सांगितलेलं आणि मला जेमतेम 14 मिळतंय, डिस्प्लेवर कधी 16 दिसतं कधी 13. रोजचं घर ते दुकान 3 किलोमीटर आणि महिन्यातून एकदा सासुरवाडीला रत्नागिरीला. पेट्रोल वाचावं म्हणून आंबा घाट उतरताना न्यूट्रल टाकतो तरी काही फरक नाही. मेकॅनिक म्हणतो इंजेक्टर क्लीन करा, करू का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : इंजेक्टरचं नंतर बघू, आधी ते न्यूट्रल बंद करा बघू! ही सवय कार्ब्युरेटरच्या जमान्यातली, आपल्या वडीलधाऱ्यांनी शिकवलेली. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत, म्हणजे जिथे पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो, गिअर टाकलेला असताना उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की पेट्रोल जवळजवळ बंदच होतं, कारण चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळत राहतं, म्हणजे तुम्ही वाचवायला गेलात आणि जाळलंत. वर सगळा भार ब्रेकवर, ते तापले की धरत नाहीत, आणि आंब्याची वळणं तुम्हाला माहितीच आहेत. सेकंड-थर्डमध्ये उतरा.

आता 22 चं. तो आकडा खोटा नाही, पण रस्त्यावरचा पण नाही. लॅबमध्ये रोलरवर गाडी साधारण 20 मिनिटं चालवतात, एसी बंद, जास्तीत जास्त वेग 90, ना खड्डे ना ट्रॅफिक. तुमचं 3 किलोमीटर म्हणजे इंजिन गरम होतंय न होतंय तोवर दुकान आलं, आणि थंड इंजिन जास्त पितं हो. दुकानाला जमेल तेव्हा चालत जा असं म्हणणार होतो, पण राहू दे. निदान बँक, बाजार अशी कामं एकाच फेरीत उरका. शिवाय हल्ली पंपावर ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असते त्यामुळे साध्या पेट्रोलच्या मानाने लिटरमागे 6-7 टक्के ऊर्जा तिथेच गेली.

डिस्प्लेवर विसंबू नका. टाकी फुल करा, नोझल आपोआप कट झालं की थांबा, वर राउंड फिगरसाठी कोंबायचं नाही, ट्रिप मीटर शून्य करा. पुढच्या वेळी त्याच पंपावर तसंच फुल करा. समजा 420 किलोमीटर झाले आणि 28 लिटर बसलं तर 15. गावातली टाकी वेगळी मोजा आणि रत्नागिरीची वेगळी, दोन्ही मिसळून काही कळत नाही.

हवा सकाळी टायर थंड असताना बघा, आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो, पंपावरच्या पोराच्या अंदाजावर सोडू नका. हायवेला 100 ऐवजी 80 ठेवलंत तर हवेचा विरोध तिसऱ्या हिश्श्याने कमी होतो, फरक लगेच दिसेल.

रत्नागिरीच्या टाकीलाही 14 च आलं तर मात्र गाडीत काहीतरी आहे, एखादा ब्रेक चिकटत असेल किंवा एअर फिल्टर चोंदला असेल, ते आधी बघून घ्या. इंजेक्टर त्याच्यानंतर.