सुपारीचं ऑफिस

प्रश्न : 'अ कंपनी मॅन' हा कोरियन सिनेमा नुसत्या मारधाडीचा आहे का? – एक वाचक, सांगली

उत्तर : मुळीच नाही! २०१२चा हा सिनेमा, दिग्दर्शक लिम सांग-युन. मूळ नाव 'ह्वेसावोन', म्हणजे कंपनीतला साधा नोकरदार. नायक सो जी-सब सूट-टाय घालून रोज ऑफिसात जातो. बाहेर पाटी धातूच्या व्यापाराची, आत धंदा सुपारीचा. हुद्दे, साहेब, बढती मात्र कुठल्याही ऑफिसातल्यासारखी. मग एका हंगामी पोराला संपवायची वेळ येते आणि त्याचा हात अडखळतो. गोळीबारापेक्षा मला तोच क्षण लागला. बत्तीस वर्षं मीही मस्टरवर सही केली आहे. लिहिलेला राजीनामा खिशात घेऊन फिरलो आहे. सो जी-सब फारसं बोलत नाही, पण ते ओझं त्याच्या खांद्यांवर दिसतं. जरूर बघा.