इतिहास घेतलाय, मग फौजेत अधिकारी कसा होणार?

"मॅडम, ह्याला आता तुम्हीच समजवा. इतिहासात बी.ए. करून कुणी अधिकारी होतं का?" वडिलांनी बसायच्या आधीच विचारलं. घर साताऱ्याकडचं; ओळख पटू नये म्हणून बाकी तपशील बदललेत. वडील फौजेत एएससीत, म्हणजे रसद पुरवणाऱ्या दलात, ड्रायव्हर होते. मुलगा दुसऱ्या वर्षाला, मान खाली घालून बसलेला.

ही काळजी घेऊन बरेच पालक येतात, म्हणून नियम आधी सांगते. सीडीएस ही अधिकारी भरतीची परीक्षा. तिच्यातून आयएमए (डेहराडूनची लष्करी अकादमी) किंवा ओटीए (अधिकारी प्रशिक्षण अकादमी) इथे जायला कुठल्याही शाखेची पदवी चालते. नौदलाला इंजिनिअरिंग लागतं, हवाई दलाला ते किंवा बारावीला गणित-भौतिकशास्त्र. आयएमएसाठी इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि गणित असे १०० गुणांचे तीन पेपर. गणित दहावीच्या पातळीचं, पण ते इतिहास वाचून येत नाही. त्याला रोज वेळ द्यावाच लागतो.

मुलाला विचारलं, "पानिपतात काय झालं?" त्याने धडाधड तारखा सांगितल्या. मला त्या नको होत्या. कोरा कागद पुढे केला. "यमुना काढ. दिल्ली, कुंजपुरा, पानिपत दाखव. आता सांग, ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दाली बागपतला यमुना उतरला, तेव्हा भाऊंच्या हातात काय होतं आणि काय नव्हतं?"

तो अडखळला. मग पेन्सिल हळूहळू चालू लागली. मराठे उत्तरेला, अब्दाली दिल्लीच्या वाटेवर, मधला रस्ता बंद.

इतिहासाचा फौजेला खरा उपयोग इथे आहे, असं मी ठामपणे मानते. निकाल माहीत नसल्यासारखं त्या माणसाच्या जागी उभं राहायचं आणि निर्णय घ्यायचा. एसएसबीच्या, म्हणजे लेखी परीक्षेनंतरच्या निवड चाचणीच्या, पाच दिवसांत ग्रुप प्लॅनिंगला असंच होतं: समोर नकाशा, एकाच वेळी तीन-चार संकटं, माणसं आणि वेळ कमी. पुढे अधिकाऱ्यांच्या परीक्षांनाही युद्धेतिहास सुटत नाही.

वडील इतका वेळ गप्प होते. ते पुढे वाकले आणि दिल्लीच्या रस्त्यावर बोट ठेवलं. "दाणागोटा इथनंच येणार होता ना? मग हा रस्ता राखायला किती माणसं ठेवली होती?"

मुलाने वर बघितलं. "बघून सांगतो, आबा."

"बघ. आणि बागपतच्या उतारावर पहारा होता का, तेही बघ."

कागद त्यांनीच घडी करून खिशात ठेवला.