बीए झालंय, गरीब कुटुंबांसाठी काम होईल अशी सरकारी नोकरी हवीय. अंगणवाडी सुपरवायझरची पोस्ट कशी आहे?

मी मराठवाड्यात नऊ वर्षं सुपरवायझर आहे, कागदावर मुख्यसेविका म्हणतात. पद फक्त महिलांचं, पदवी लागते, जिल्हा परिषदेची परीक्षा असते, काही जागा सेविकांमधून प्रमोशनने भरतात. परीक्षेचं क्लासवाले सांगतीलच, मी कामाचं सांगते.

माझ्या बीटमध्ये, म्हणजे माझ्याकडे दिलेल्या भागात, २४ अंगणवाड्या. पोरांची वजनं-उंची झाली का, टीएचआरची, म्हणजे घरी न्यायच्या पोषण आहाराची, पाकिटं घरोघरी पोचली का, पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर एन्ट्री झाली का, हे बघत फिरायचं. स्कूटी येत नसेल तर आधी शिका.

आमच्याकडे दिवाळीच्या आसपास निम्मं गाव ऊसतोडीला जातं. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, आधीच घेतलेले असतात, त्यामुळे थांबा म्हणून काही उपयोग नाही. एका दीड वर्षाच्या पोराच्या दंडाला पट्टी लावली तर ११.२ सेंमी, साडेअकराच्या खाली म्हणजे सॅम, अतितीव्र कुपोषण, आईला म्हटलं दवाखान्यात भरती करू, ती म्हणाली ताई, कोयता (नवरा-बायकोची तोडणीची जोडी) मोडला तर पैसे कोण फेडणार, आणि चौथ्या दिवशी ट्रक गेला पण. मग कारखाना कुठला ते विचारून तिकडच्या सेविकेचा नंबर शोधला, तिने उसाच्या फडाजवळच्या कोपीत, म्हणजे मजुरांच्या झोपडीत, जाऊन पोराला आहार सुरू केला. एप्रिलमध्ये परत आलं तेव्हा दंडाची पट्टी पिवळ्यात होती, म्हणजे लाल धोक्यातून वर, पण अजून कुपोषितच. हिरव्यात नाही, पिवळ्यात. इथे इतकंच मिळतं बऱ्याचदा.

बाकी वेळ कागदात जातो. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५००० रुपये मिळतात, पण आधारवर माहेरचं नाव, पासबुकावर सासरचं, झालं, अडकलं! लोकांना वाटतं हे कारकुनी काम, मला विचाराल तर त्या बाईसाठी सगळ्यात मोठी मदत हीच आहे, कारण आधार सेंटर तालुक्याला आणि जायचं तर तिची रोजंदारी बुडते.

आणि हो, सेविकांशी साहेबीणपणा करू नका. आपल्याला पगार, त्यांना मानधन, आणि कोणत्या घरात चूल पेटली नाही हे त्यांनाच माहीत असतं. फॉर्म भरायच्या आधी तुमच्या गावच्या सेविकेबरोबर वजनाच्या दिवशी सकाळपासून बसा, तिला विचारलंत तर ती नाही म्हणणार नाही, रजिस्टरं मात्र तुमच्याकडून लिहून घेईल.