आवाज नंतर, आधी डोळे

प्रश्न : माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. सामना लागला की ती टीव्हीचा आवाज बंद करते आणि स्वतःच समालोचन करत बसते, फोनवर रेकॉर्डही करते. तिला हेच काम करायचं आहे. तिच्या वडिलांचं म्हणणं, ही खुर्ची निवृत्त खेळाडूंची असते. आमची लेक तर शाळेच्या संघातही कधी नव्हती. शिवाय तिचा आवाज बारीक आहे. तिला अडवावं का? नाही तर कुठे पाठवावं? – एक आई

ताई,

अडवू नका. पण नुसतं कौतुक करूनही थांबू नका. तिला सध्या सगळ्यात जास्त गरज आहे ती मन लावून ऐकणाऱ्या माणसाची.

वडिलांचं म्हणणं अर्धं खरं आहे. समालोचन कक्षात बहुधा दोघं बसतात. एक जण खेळ घडेल तसा सांगत जातो आणि दुसरा ‘हे असं का झालं’ ते उलगडतो. दुसरी जागा माजी खेळाडूंची. तिच्यावर तुमच्या मुलीने आस ठेवू नये. पहिली जागा मात्र निवेदकाची आहे. व्हिन स्कली यांनी 1950 ते 2016 असे 67 हंगाम डॉजर्स या बेसबॉल संघाचे सामने सांगितले. व्यावसायिक बेसबॉल ते कधी खेळले नव्हते. क्रिकेटच्या टीव्ही प्रक्षेपणात पहिली जागाही पुष्कळदा माजी खेळाडूंकडे जाते, हे मान्य. म्हणूनच तिने एकाच खेळाला चिकटू नये. हॉकी, व्हॉलीबॉल, बॅडमिंटन यांचे नियम पंचांइतके पाठ असणारा निवेदक सहज मिळत नाही.

आता आवाज. बारीक असण्याने काही अडत नाही, घशातून ओरडण्याने अडतं. नवशिकी मुलं पहिल्याच गोलला टिपेला पोचतात आणि शेवटच्या मिनिटाला आवाज चढवायला जागाच उरत नाही. एखाद्या गायन किंवा नाट्यशिक्षकाकडे काही महिने श्वासाचं काम करू द्या. सूत्रसंचालनाच्या झटपट कोर्सपेक्षा त्याचा उपयोग कितीतरी जास्त होईल.

खरं शिक्षण डोळ्यांचं आहे, आणि त्यासाठी टीव्हीपेक्षा रेडिओ हा चांगला गुरू. 5 ऑगस्ट 1921 रोजी पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्रावरून हॅरल्ड आर्लिन यांनी रेडिओवर बेसबॉलचा सामना पहिल्यांदा सांगितला, तेव्हापासून प्रश्न एकच आहे : न दिसणारं मैदान ऐकणाऱ्यासमोर उभं कसं करायचं? जानेवारी 1927 मध्ये बीबीसीने फुटबॉल सामन्याचं पहिलं थेट समालोचन केलं. त्या वेळी श्रोत्यांसाठी मैदानाचे क्रमांक घातलेले चौकोन छापले होते आणि चेंडू कोणत्या चौकोनात आहे ते एक जण सांगत राहायचा. चेंडू कुठे, कोणाकडे, कोणत्या दिशेने, हे आधी. मत त्यानंतर. तुमची मुलगी टीव्ही पाहून बोलते, म्हणजे बहुतेक ती मतच जास्त सांगत असणार. या वयात सगळेच तसं करतात.

गुण सांगायला विसरणं हा दुसरा नेहमीचा दोष. स्कलींचे गुरू रेड बार्बर समोर तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ ठेवत. वाळू संपली की धावसंख्या सांगायची आणि घड्याळ उलटवायचं. तिनेही फोनवर तीन मिनिटांची घंटी लावावी.

आणि गप्प बसणं, मला वाटतं हे सगळ्यात अवघड. 8 एप्रिल 1974 रोजी बेसबॉलपटू हँक ॲरन यांनी कारकिर्दीतली 715वी होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर धाडणारा फटका) मारून बेब रूथ यांचा विक्रम मोडला. स्कलींनी चेंडू कुठे गेला ते सांगितलं आणि बराच वेळ ते बोललेच नाहीत, नुसता प्रेक्षकांचा जल्लोष ऐकू येत राहिला. तो भाग तिला मुद्दाम ऐकवा.

पडद्यामागचं कामही तिला माहीत हवं. प्रत्येक सामन्याआधी दोन्ही संघांचे क्रमांक, नावं, उच्चार आणि दोन-दोन ओळींची माहिती एका कागदावर हाताने लिहायची, इतकी की सामन्यात तो कागद फारसा पाहावा लागू नये. बोलत असतानाच कानातल्या हेडफोनमधून निर्माता सूचना देत असतो. त्या ऐकत वाक्य पूर्ण करायचं. पुष्कळ सामने तर आता मैदानावर न जाता स्टुडिओत पडद्याकडे पाहूनच सांगितले जातात.

मुलगी आहे म्हणून वाट जरा चढाची असेल, हे लपवत नाही. गेल सिएरेन्स यांनी 1987 मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगचा सामना सांगितला. नियमित हंगामातला पुढचा सामना सांगायला दुसरी स्त्री, बेथ मोविन्स, 2017 मध्ये आली. मधली तीस वर्षं कोरडी गेली. बाईचा आवाज खेळाला शोभत नाही म्हणणारे तुमच्या लेकीलाही भेटतील. निदान घरात तरी तिला ते ऐकावं लागू नये.

पदवी कोणतीही चालेल. पत्रकारिता किंवा जनसंवाद घेणार असेल तर पहिल्याच वर्षी हातात माइक देणारं, स्वतःचं रेडिओ केंद्र असलेलं महाविद्यालय बघा. सुरुवातीला पैसे सामन्यागणिक मिळतात, हंगाम संपला की तेही थांबतात. म्हणून क्रीडावार्ता लिहिणं, आकडेवारी ठेवणं, ध्वनिसंकलन यांतलं एक काम तिला नीट यायला हवं. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी, म्हणजे बाकीचे सामना बघतात तेव्हा, ती कामावर असेल. हे आत्ताच बोलून घ्या.

या आठवड्यात एक काम करा. तिला ज्यात रस नाही असा सामना लावा. तुम्ही टीव्हीकडे पाठ करून अर्धा तास बसा. चेंडू कुठे आहे ते कळेना किंवा गुण आठवेनात, की हात वर करा आणि तिला मोजायला सांगा. असे दहा सामने झाले की रेकॉर्डिंग मला पाठवा. त्यातल्या सर्वांत रटाळ सामन्याचं आधी पाठवा.