रायखेनबाख धबधब्यासाठी इंटरलाकेनच्या मुक्कामातील अर्धा दिवस काढावा का?

स्वित्झर्लंडमधील इंटरलाकेनमध्ये तीनच दिवस असताना, केवळ शेरलॉक होम्सच्या कथा आवडतात म्हणून, कथेत होम्स जिथे कोसळून मेला असे मानले जाते तो रायखेनबाख धबधबा पाहायला मायरिंगेन गावी जावे का, असे आपण विचारले आहे. अवश्य जावे, मात्र फ्युनिक्युलरने, म्हणजे डोंगर चढणाऱ्या दोरखंडाच्या रेल्वेने, वर जाऊन, छायाचित्र काढून लगेच परतू नये.

याच जागेवरून माझा मेव्हण्यांशी झालेला वाद अजून मिटलेला नाही. "जो माणूस कधी जन्मलाच नाही, तो कुठे पडला हे काय पाहायचे? त्यापेक्षा आपला ठोसेघर बरा," असे म्हणून ते खाली गावातच थांबले. आदल्या दिवशी मात्र एका हिंदी गाण्याचे चित्रीकरण झालेल्या जागी त्यांनी सगळी दुपार घालवली होती. ती जागा खरी मानायची आणि ही खोटी, हा भेद मला आजही मान्य नाही.

मी वर गेलो. फ्युनिक्युलरच्या वरच्या स्थानकापाशी उभे राहिले की समोरच्या कड्यावर खूण म्हणून लावलेली पांढरी चांदणी दिसते. होम्स आणि त्याचा कट्टर शत्रू मोरिआर्टी यांची झटापट झाली ती जागा म्हणजे तीच. बहुतेक पर्यटक ती दुरून पाहून परततात. मी आणखी चढून माथ्यावरच्या पुलाने ओढा ओलांडला आणि पलीकडच्या पाऊलवाटेने त्या जागी उतरलो. कथेत होम्सचा मित्र वॉटसन परत येतो तेव्हा त्याला पुढे गेलेल्या पावलांच्या दोन रांगा दिसतात, परतणारी एकही दिसत नाही, आणि त्यावरून तो दोघांचा मृत्यू ताडतो. हा सगळा तर्क तुषारांनी कायम ओल्या राहणाऱ्या काळ्या मातीवर उभा आहे, हे तो प्रपात इतक्या जवळून ऐकताना मला प्रथमच नीट उमगले. होम्सचे लेखक कॉनन डॉयल 1893 मध्ये स्वित्झर्लंडला आले, होम्सला कंटाळलेले होते, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ती कथा छापून आली. त्यांनी जागा पाहून कथा रचली, म्हणून ती पाहिल्याशिवाय कथा पुरती कळत नाही. पुढे 1903 च्या कथेत होम्स ठसे उमटू नयेत म्हणून कडा चढून वाचल्याचे सांगतो. तो कडा खालून पाहिल्यावर मला मृत्यू पटला, सुटका पटली नाही.

वेळ कमी असेल तर गावातील इंग्लिश चर्चच्या तळघरातले होम्स संग्रहालय सोडले तरी चालेल, पण ही वाट सोडू नये.

इंटरलाकेन ओस्ट स्थानकाहून मायरिंगेनला ब्रिएन्झ सरोवराच्या काठाने थेट गाडी आहे. फ्युनिक्युलर हिवाळ्यात बंद असते. ओढ्याचे पाणी वीजनिर्मितीसाठीही वळवले जाते, त्यामुळे बर्फ वितळण्याच्या दिवसांत, म्हणजे जूनच्या आसपास, जावे. गुडघे दुखत असतील तर मात्र वरच्या स्थानकावरूनच पाहावे. पलीकडची उतरण निसरडी आहे.