सकाळी चप्पल घालताना पोटात गोळा

“काम येतं, पण जावंसं वाटत नाही. मी आळशी झाले का?” दातांच्या दवाखान्यात मदतनीस असलेल्या मुली मला हे हमखास विचारतात. परभणीकडची एक ताईही हेच घेऊन आली. “मॅडम, सर चांगले हाईत, पगार बी येळेवर. पण सकाळी चप्पल घालताना पोटात गोळा येतो.”

दिवस कसा जातो ते विचारलं. सकाळी दहा ते दोन, मग पाच ते नऊ. मधे गावी जाऊन येणं जमत नाही, म्हणून शटर अर्धं ओढून तिथंच हत्यारं धुवायची, ऑटोक्लेव्ह (हत्यारं वाफेनं निर्जंतुक करणारं यंत्र) लावायचा. हिशेबात आठ तास, घराबाहेर बारा. त्यात गुटख्यानं तोंड दोन बोटंही न उघडणारे पेशंट (बंदी २०१२ पासून आहे म्हणे!). त्यांच्या दाढेचं काम संपेपर्यंत सक्शन (तोंडातलं पाणी-थुंकी ओढणारी नळी) धरून वाकून उभं राहायचं. मान-कंबर धरणारच, याला आळस कोण म्हणेल?

पण हा गोळा दिवाळीनंतर यायला लागला होता. मग तेव्हापासूनच का? बराच वेळ ती बोलली नाही. मग कळलं, भुलीच्या सुईला टोपण लावताना ती बोटात घुसली होती. “सर म्हणतील, लक्ष नसतं.” म्हणून कुणालाच सांगितलं नाही. कावीळ बीची (हिपॅटायटिस बी, रक्तातून पसरणारी कावीळ) लसही घेतलेली नव्हती. रात्री झोप लागत नव्हती ती यामुळे.

सुई टोचली की जखम साबण-पाण्यानं धुवायची, बोट पिळायचं नाही आणि लगेच सरकारी दवाखाना गाठायचा. एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्या ७२ तासांच्या आतच सुरू कराव्या लागतात, जितक्या लवकर तितकं बरं. तिची ती वेळ टळून गेली होती. जिल्हा रुग्णालयात तपासण्या केल्या. सगळ्या निगेटिव्ह आल्या.

सरांशी काय बोलायचं याची आम्ही तयारी केली. मागण्या मोजक्याच ठेवल्या: लसीचे तिन्ही डोस (पहिला, महिन्यानं, सहाव्या महिन्यात) दवाखान्याच्या खर्चानं, ज्यानं सुई वापरली त्यानंच ती टाकायची, आणि संध्याकाळी सुटी लवकर. पहिल्या दोन मागण्या सरांनी लगेच मान्य केल्या. सुटीच्या वेळेबाबत मात्र ते हलले नाहीत. दोन-तीन माणसांच्या दवाखान्याला दुकाने-आस्थापना कायद्यातलं कामाच्या तासांचं बंधन लागू होत नाही, त्यामुळे तिथं सरांचा शब्दच चालतो.

गोळा गेला, मान अजून दुखते. ती आता एकाच पाळीचं काम शोधतेय, आणि मी तिला थांबवलेलं नाही.